गॅलरीतली बादली

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

फोन का उचलत नाही, असं विचारलंस. फोन वाजला की यांना छापखान्यातून बोलावणं आल्यासारखं वाटतं आणि हे चपला शोधू लागतात. म्हणून मी वायरच काढून ठेवली आहे. छापखाना केव्हाच विकला, हे तुला माहीत आहे. यांना नाही.

दाराला कुलूप लावून पाहिलं. हे दार बडवतात आणि थकले की रडतात, म्हणून कुलूप काढलं. आता दाराशी भुऱ्या आडवा पडतो. हे त्याला ओलांडत नाहीत. खाली बसतात, त्याचे कान चोळतात आणि कुठे निघालो होतो ते विसरून जातात. त्या कुत्र्याला हे कुणी शिकवलेलं नाही.

अडचण भुऱ्याचीच आहे. त्याला खाली न्यायचं तर यांना एकटं ठेवावं लागतं. एकदा दोघांना घेऊन उतरले. दोरीचा गुंता सोडवेपर्यंत हे रस्ता ओलांडून दिसेनासे झाले. संध्याकाळी एका सलूनवाल्याने आणून सोडलं. तेव्हापासून मी जिना उतरलेली नाही. वाणी पिशवी भरतो, मी दोरीने वर ओढते. भुऱ्याचं सगळं गॅलरीत होतं. मी फिनेल ओतते, तरी वास राहतोच.

बरोबर आमच्या खाली दातांचे डॉक्टर राहतात. इमारतीचे सेक्रेटरीही तेच. मार्चअखेरच्या सभेपर्यंत वास गेला नाही तर कुत्रा जाईल, असं सांगून गेले. सभ्यपणे बोलले, त्यामुळे भांडताही आलं नाही.

भुऱ्या गेला तर यांना खोलीत कोंडून किल्ली मी कमरेला लावायची. ते माझ्याने होणार नाही. तुझ्या रोपवाटिकेत शेणाचे नि कुजक्या पाल्याचे ढीग असतात, पण नाक धरावं लागत नाही. काय करता ते लिही. कीव नको, कृती लिही.

लोभ आहे, तो सविस्तर लिहायला सवड नाही.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आज्ञेप्रमाणे कृतीच लिहिते. कीव मनात ठेवली आहे, लागली तर माग.

आधी फिनेल बंद. वास खाऊन टाकणारे जीव त्याने मरतात आणि वास तसाच राहतो. तांदूळ धुतलेलं पाणी बरणीत घे, वर फडकं बांध आणि आंबट वास येईपर्यंत ठेव. मग त्याच्या दसपट दूध घाल. चोथा वर तरंगेल, खाली पिवळसर निवळी राहील. ती गाळून त्यात थोडा गूळ घाल. हे तुझं विरजण. बाटलीचं झाकण घट्ट लावू नकोस. तू प्रत्येक झाकण जन्मठेप दिल्यासारखं आवळतेस, म्हणून मुद्दाम सांगते.

ही निवळी पाण्यात मिसळून गव्हाच्या कोंड्यावर शिंपड. कोंडा हाताने वळेल इतकाच ओला हवा. तो पिशवीत दाबून मुरव, मग सुकव. झाकणाच्या दोन बादल्या कर, एक भाजीच्या देठा-सालींची, एक भुऱ्याची. दोन्हींची सरमिसळ नको आणि भुऱ्याच्या बादलीला हातमोजे घालूनच हात लाव. प्रत्येक थरावर कोंडा आणि फाडलेला कागद टाक. या बादलीचं झाकण मात्र घट्ट. इथे हौस भागवून घे.

भावोजींना नमस्कार. मी कोण हे आठवलं नाही तरी चालेल, नमस्कार सांग.

तुझ्या रागाची सवय असलेली,
धाकटी

२६ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

तुझी कृती फसली. मी अक्षर न् अक्षर पाळलं. बरण्या, फडकं, गाळणी सगळं निर्जंतुक केलं, कोंडासुद्धा चांगला वाफवून घेतला. आठवडाभर बादली भरली आणि काल झाकण उघडलं, तर आधीचा वास बरा म्हणायची वेळ आली. डॉक्टर रुमाल नाकाला लावून वर आले. मी त्यांना विरजणाचं समजावत होते, तेव्हा ते ज्या नजरेने माझ्याकडे बघत होते, त्या नजरेने मी यांच्याकडे बघते.

त्या गडबडीत भुऱ्या दारापासून हलला आणि हे जिन्याच्या वळणापर्यंत पोचले. मी दंडाला धरून वर ओढलं. यांनी अगदी नम्रपणे विचारलं की आपण इथल्या पहारेकरी का. मी हो म्हटलं. खोटं काय आहे त्यात?

डॉक्टरांच्या ओळखीचा एक मळेवाला कुत्रा न्यायला तयार आहे म्हणे. भुऱ्याला तिथे मोकळं फिरता येईल, असंही त्यांनी सांगितलं. दिवसभर तेच डोक्यात आहे. मोकळं फिरणं वाईट असतं, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

चुकलं कुठे, ते ताबडतोब कळव.

ताई

२ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

एकच प्रश्न विचारते. तांदळाचं पाणीही उकळलंस ना?

उकळलं असणारच. जी बाई चमचेसुद्धा उकळते, जिने मला लहानपणी पेरूही गरम पाण्यातून काढून दिला, तिच्या हातून पाणी कसं सुटेल? अगं, तेच जीव तर आपल्याला हवे आहेत. तू त्यांना आमंत्रण दिलंस आणि दारात आल्यावर उकळून काढलंस. पुन्हा कर. कच्चं पाणी, कच्चा कोंडा. दूध ताजं घे, तापवू नकोस. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेव, त्यातलं क्लोरीन उडालं की मग वापर. या एका गोष्टीत अस्वच्छ हो, तुला माझी शपथ.

एक राहिलं. बादली भरली की दोन-तीन आठवडे बंद राहू दे. मग ते मातीत पुरावं लागतं, भाजीजवळ नाही, फुलझाडांच्या मुळाशी. गॅलरीतल्या कुंडीत ते मावणार नाही आणि दोरीच्या पिशवीनेही हे काम व्हायचं नाही. तुला खाली उतरावं लागेल. कसं, ते मला सुचत नाही. मी येऊन राहते म्हटलं की तू नको म्हणतेस, म्हणून या वेळी विचारतही नाही.

तुझ्या उत्तराची आणि उत्तरातल्या ओरडण्याची वाट पाहणारी,
धाकटी

२५ एप्रिल

चि. धाकटीस, अ. उ. आ.

हो, उकळलं होतं. नर्सिंगच्या कॉलेजात मला जंतू मारायला शिकवलं, पाळायला नाही. तुला हसायचं तेवढं हसून घे.

दुसऱ्यांदा कच्चंच केलं. बादलीला लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास आला, तोही झाकण काढल्यावरच. सभेच्या दिवशी डॉक्टर गॅलरीत आले, वाकून हुंगलं आणि सभेत वास नसल्याचं सांगितलं. भुऱ्या राहिला.

भरलेली बादली मात्र आठवडेच्या आठवडे कोपऱ्यात बसून होती. रोज तिच्याकडे बघायचे. शेवटी डॉक्टरांना बोलावलं आणि म्हटलं, कुत्रा ठेवलात, तर आता पुढचंही निस्तरा, मला खाली जायचं आहे, यांच्यापाशी बसा. त्यांनी दवाखान्याची वेळ सांगून पाहिली. मी हातात खुरपं घेऊन उभीच राहिले. ते बसले. यांनी त्यांना छापखान्याचं गिऱ्हाईक समजून कागदाचे भाव सांगायला सुरुवात केली. भुऱ्या दाराशी पडलेला होता. मी त्याला ओलांडून गेले.

एका हाताने कठडा धरून जिना उतरले. मागच्या भिंतीलगत फुलझाडं आहेत, तिथे खणलं. माती आतून गार होती. कुणी मला हाक मारत नव्हतं. खड्डा भरून झाल्यावरही मी तिथेच बसून राहिले. फाटक उघडं होतं. त्याच्याकडे बघितलं आणि वर आले.

वर डॉक्टर एका लग्नपत्रिकेचा मजकूर लिहून घेत होते. मला बघून हे आनंदाने म्हणाले की पहारेकरीण बाई आल्या.

कृतीत एक बदल केला आहे, तो तुला कळवते. खड्डा मी मापाने खणला होता, सगळं एका खेपेत मावलं असतं. पण खाली जायच्या आधीच मी अर्धं एका जादा बादलीत काढून वरच ठेवलं होतं. डॉक्टरांना सांगितलं आहे की हे काम एकदम करायचं नसतं, थोडं थोडंच पुरावं लागतं, असं तूच लिहिलं आहेस. ते परवा पुन्हा बसायला येणार आहेत. त्यांनी तुझा पत्ता मागून घेतला आहे, खात्री करायला पत्र आलं तर तू हेच खरं म्हणून सांग.

आणि या वेळी येते म्हणालीस तर नको म्हणणार नाही.

तुझी ताई