सुमतीच्या वहीतली माझी वाक्ये

मी मार्तंड बाबाराव ढोबळे, वय सव्वीस, राहणार कोराडी, वीज केंद्राच्या वसाहतीमागची पत्र्याची खोली. सध्या नागपूरच्या दवाखान्यात, खाट अकरा. उद्या छातीचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणी दटावून लिहवून घेत नाही. शिक्षण नववी, तेही तीन गावांत मिळून. पुढे गांधीबागेत कापडाच्या गाठी उचलल्या, इटारसीपर्यंत भटकलो, शेवटी कोळशाच्या ट्रकवर बसून कोराडीला उतरलो आणि वसाहतीतल्या पोरींची शिकवणी घेऊ लागलो. मागे राहील त्याची व्यवस्था अशी.

१. सायकल शेजारच्या नत्थूजींना. घंटी वाजत नाही. ती कशी मोडली ते मोठे मजेदार आहे, पण राहू द्या.

२. फळा व सतरंजी शिकवणीच्या पोरींना.

३. माझ्या पेटीत तळाशी सुमतीची भूगोलाची वही आहे. ती तिच्या आईला, कौसल्याबाईंना द्यावी आणि पुढचे वाचून दाखवावे.

मी उत्तर सांगायचो, पोरी उतरवायच्या. "समजलं का?" म्हटले की सगळ्या एका सुरात "हो सर". त्या "हो"वर मी खूश. सुमती तर अक्षर न अक्षर पाठ करायची. एकदा कापसाच्या मातीचे उत्तर सांगता सांगता मला इटारसी आठवली. तिने सहामाहीत लिहिले, "काळी माती ओलावा धरून ठेवते. इटारसीच्या ठेसनावर मी तीन दिवस नुसती केळी खाऊन काढले." मास्तरांनी ते वर्गात मोठ्याने वाचले.

ती आईला घेऊन माझ्याकडे आली. "सर, तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मी म्हणालो, "मी काहून सांगीन वं असं?"

तिने माझ्याकडे पाहिले आणि वही तिथेच ठेवली. पोरीला डोके नाही म्हणून शाळा सुटली, काटोलकडे लग्न झाले, दीड वर्षात ती तापाने गेली. कौसल्याबाई, वाक्य माझे होते.

तेव्हापासून दाराजवळची तिची जागा मोकळी आहे. फळ्याकडे तोंड केले की तिथून सुमती उत्तर म्हणते, एका दमात, केळ्यांपर्यंत. इथे वॉर्डातही म्हणते.

४. त्या मास्तरांना माझी खडूची पेटी. राग होता, आता नाही. त्यांनी वाचले, लिहविले मी.

५. सुमतीची धाकटी बहीण नीला यंदा दहावीला आहे. "एकीचं पाह्यलं, दुसरी घरीच बरी," असे म्हणून कौसल्याबाई तिला परीक्षेचा फॉर्म भरू देत नाहीत. तो भरू द्यावा. शिकवणे मी सुमती गेल्यावर शिकलो. "हो" म्हणायला बंदी. धडा वाचायचा, वही पालथी घालायची, शेजारणीला आपल्या शब्दांत सांगायचे. अडले तिथे पेन्सिलीची खूण, मग वही उघडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आठ दिवसांनी पुन्हा. नीलाने सुमतीच्या वहीत माझी बडबड खोडावी. खाली उरेल ते सगळे बरोबर आहे, मी तपासले आहे.

इथवर, सकाळचा डबा घेऊन आलेल्या नत्थूजींना वाचून दाखवले. "समजलं का?" विचारले तर म्हणाले, "हो." मी कागद पालथा घातला. "सांगा."

सायकल सांगितली, फळा सांगितला. तिसऱ्याशी अडले.

"हे तू मेल्यावर सांगाचं?"

"हो."

"अन् वाचला त?"

मी कागद सुलटा करू लागलो, तर नत्थूजींनी त्यावर हात ठेवला.

"फॉर्मची तारीख शनवारची हाय गा. पोरीनं तुह्या मरणाची वाट पाहाची का?"

म्हणून कलम तीन व पाच माझ्या मरणावर अवलंबून नाहीत. नत्थूजी आत्ताच सायकलने कौसल्याबाईंना आणायला निघतील. चारला भेटायची वेळ आहे. कागद पालथा ठेवून मी तोंडाने सांगणार आहे.

सुमती खाटेच्या पायथ्याशी उत्तर म्हणत होती. आज "ओलावा धरून ठेवते"पाशीच थांबली, केळ्यांपर्यंत गेली नाही.

नागपूर, ता. १२ डिसेंबर १९७९
सही: मार्तंड बाबाराव ढोबळे
साक्षीदार: १. नत्थूजी (अंगठा, ऐकून, स्वतःच्या शब्दांत परत सांगून)
२. मधुकरराव, खाट बारा