गुरुवारच्या चाळीस पिना

ती. वहिनींस धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. दादाच्या गुडघ्याने आता कुरकुर थांबवली असेल. इकडे सगळे खुशाल, एकटा मी जळतोय. (धूर तिथवर आला तर सांभाळून घ्या.)

आमच्या कारखान्यात अकरा माणसं, लोखंडी पिना कातणारी चार लेथ यंत्रं. तीन नंबरचं लेथ मी चालवतो, आणि गेली तीस वर्षं सगळ्यांच्या पिनाही मीच तपासायचो. बोटांत फिरवली की कळतं, जाड की बारीक. दोन महिन्यांपूर्वी मालकांनी तपासणीला एक बाई आणल्या. त्या दर तासाला प्रत्येक लेथच्या पाच पिना मोजतात, आकडे वहीत लिहितात आणि भिंतीवरच्या आलेखावर ठिपके देतात. ठिपके वर चढू लागले की माल बिघडायच्या आधीच लेथ थांबवतात. गिऱ्हाइकाकडून परत येणारा माल निम्म्यावर आला, हे खरं. पण म्हणून मालकांनी उठता-बसता बाईंचंच नाव घ्यावं? मला त्यांनी तीस वर्षांत 'चहा झाला का' एवढंच विचारलं, तेही दोनदा. माझा नुसता तिळपापड होतो.

शेवटी म्हटलं, आकडे काय आपल्यालाही लिहिता येतात. माझ्या लेथची वही मागून घेतली. बाईंचे ठिपके वर-खाली उड्या मारतात, माझे बघा, सरळ रेषेत! (आठवड्याचे आकडे सोमवारीच लिहून टाकले होते. सगळीकडे बारा मिलिमीटर. मोजायचं कशाला?) शनिवारी मालकांनी सगळ्यांसमोर वही उघडली. बाई हळूच म्हणाल्या, "काका, गुरुवारी तुमचं लेथ दिवसभर बंद होतं ना?" बंद लेथवर मी चाळीस पिना काढल्या होत्या, एकाहून एक सरस! सगळे हसले. मालक हसले नाहीत, ते जास्त लागलं.

राजीनामा लिहून खिशात ठेवलाय. तुमच्या भावाच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाका. तिथे आलेख नाहीत ना, तेवढं आधी विचारा.

ता. क. भावाशी इतक्यात बोलू नका.

आणखी ता. क. बाईंनी स्वतः मोजलेल्या दोन महिन्यांच्या आलेखाखाली आज लाल शाईत लिहिलंय: 'तीन नंबर, पिनांच्या मापात सगळ्यांत कमी फरक. काकांना विचारणे, कसं जमतं?' वहिनी, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सोमवारी मी सगळ्यांना आलेख दाखवून ते सांगायचं, असं ठरलंय. तुम्ही जन्मभर शाळेत गणित शिकवलंत. रविवारी येतो, ते ठिपके वाचायचे कसे तेवढं शिकवा. बाईंनाच विचारलं असतं, पण त्यांना वाटतं मला येतं.