पहिल्या दिवशीची नोंद

३ नोव्हेंबर
पोहोचले एकदाची! क्वार्टर झकास आहे. दोन खोल्या, खिडकीतून समुद्र, नळाला धो धो पाणी. इथे बंदर बांधायचंय. त्याआधी किनाऱ्यावर काय काय जिवंत आहे याची पायाभूत नोंद करायची, एवढंच माझं काम. खडकावर मीटरभराची चौकट ठेवायची आणि आतले शंख, शिंपले, खेकडे मोजायचे. साहेबांनी क्वार्टरचंही तसंच पत्रक भरून घेतलं: खुर्च्या दोन, पंखा एक, राहणारी माणसं एक. धाकटी बहीण परवा येतेय म्हटलं, तर म्हणाले, आज आहे तेवढंच लिहा. आई गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना आहोत. दोन दिवस तुझ्यापासून सुट्टी, असं फोनवर चिडवलं तर रुसली.

४ नोव्हेंबर
पहिली चौकट. होडीवाल्याने पट्टेवाल्या गोगलगायी बोटाने दाखवल्या, चिक्कार होत्या. पण पाणी चढायला लागलं आणि घाईत नेमक्या त्याच लिहायच्या राहिल्या. साहेबांनी सही करून पत्रक कपाटात टाकलं. उद्या भर घालते म्हटलं, तर म्हणाले, सही झाली की काळ्या दगडावरची रेघ.

५ नोव्हेंबर
धाकटी आली. बॅगा चार, तोंडाचा पट्टा अखंड चालू, ओल्या चपला उंबरठ्यातच. ओरडले, तर म्हणते, ताई, तू आईच्या वरताण आहेस. बरं वाटलं फार.

७ नोव्हेंबर
पुन्हा त्याच जागी चौकट ठेवली. पट्टेवाली गोगलगाय एकही नाही. सगळा किनारा पालथा घातला. रिकामा शंखसुद्धा नाही. साहेब खूश, पत्रकाशी तंतोतंत जुळलं म्हणाले. होडीवाला म्हणाला, तसलं काही इथे कधी नव्हतंच, बाई.

८ नोव्हेंबर
शेजारणीने विचारलं, एकट्या राहता, भीती नाही वाटत? धाकटी माझ्या शेजारीच उभी होती. ती हसली. मला हसू आलं नाही.

९ नोव्हेंबर
साहेबांच्या अक्षरशः पाया पडले, क्वार्टरच्या पत्रकात माणसं एकची दोन करा म्हणून. नंतर आलेलं पायाभूत कसं होईल, असं शांतपणे म्हणाले. त्यांच्या टेबलावर फोटोची फ्रेम आहे, आत फोटो नाही. कोणाचा होता ते त्यांना आठवत नाही. रोज पुसतात मात्र.

१० नोव्हेंबर
धाकटी आज बोललीच नाही फारशी. मग म्हणाली, ताई, एकदा माझं नाव घे ना. घेतलं. आधी आठवावं लागलं.

११ नोव्हेंबर
बॅगा दोनच. कामावर गेले नाही. तिचा हात धरून बसलेय, एका हाताने लिहितेय. सोडणार नाही. हात हलका — फार हलका —

१२ नोव्हेंबर
कामावर गेले. सगळं जुळलं. उंबरठ्यात चपला आहेत, माझ्या मापाच्या नाहीत. आधी राहणाऱ्यांच्या असतील. पण ओल्या —

१३ नोव्हेंबर
मागची पानं वाचली. अक्षर माझंच. जागोजागी धाकटी, धाकटी. मला बहीण नाही. वाचून रडू यायला हवं होतं बहुतेक. नाही आलं.

१४ नोव्हेंबर
सकाळपासून दाराबाहेर कोणीतरी ताई, ताई करतंय. रडतंय. मला ताई म्हणणारं इथे कोणी नाही. पत्रक पाहिलं. माणसं एक.
त्या चपला तेवढ्या बाहेर ठेवते, म्हणजे जी कोण असेल ती —