ठराव माझाच, छप्परही माझंच

विसरवाडीजवळ, ता. नवापूर
६ मे

आदरणीय हेमकांत आप्पा,

स्टीफन मास्तरचा सलाम, आणि जमनाबाई वहिनींना नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? सारंगखेड्याला केळीला पाणी पुरतंय ना? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. पुढचं वाचून काय ते तुम्हीच ठरवा. फोनच केला असता, पण आमचं घर लहान आहे आणि निर्मला सध्या माझ्याशी बोलत नसली तरी माझं बोलणं सगळं ऐकते.

तुम्हाला आठवत असेल, आपण एका शाळेत सहा वर्षं काढली. पुढे तुम्ही विस्तार अधिकारी झालात, मी मास्तरच राहिलो आणि निवृत्तीनंतर ग्रामपंचायतीचा सदस्य झालो. निवडून आलो त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, 'स्टीफन, तू सरय शे, पन रस्ता वाकडा शे.' मी त्यातलं 'सरळ' तेवढं ऐकलं आणि स्तुती समजून चार लोकांना सांगितलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या गावच्या भजनी मंडळाचा दोधू वळवी (किराणा दुकानवाला, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, पण हे मी गावात कबूल करत नाही) ग्रामसभेत उभा राहिला. देवळाची फरशी चालू होती, म्हणून त्याला सप्ताहासाठी पंचायतीचं सभागृह हवं होतं. तो म्हणाला, सभागृह लोकांचं, लोकांचा देव लोकांबरोबर येणारच, त्याला काय चपलांसारखा बाहेर ठेवायचा? मी उठलो, चष्मा काढला आणि वीस मिनिटं बोललो. पंचायतीच्या छपराखाली केलेली प्रार्थना ही पंचायतीची प्रार्थना होते, मग तिला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि जो हात वर करत नाही तो आपल्याच गावात परका होतो. आप्पा, हे मी मनापासून बोललो होतो. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्यांना विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. देव सरकारी झाला की पाणी कुणाकुणाचं बंद होतं, हे आमच्या घरात ठाऊक आहे. सभागृहात कोणत्याही धर्माचा कार्यक्रम होणार नाही, असा ठराव झाला. मीच तो लिहिला. दोधूने सप्ताह डांबरी रस्त्याच्या कडेला केला, आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये आमच्या पाळकसाहेबांनी माझ्यावर प्रवचन दिलं. (चांगलं दिलं होतं. निर्मलाने त्या दिवशी कोंबडी केली होती.)

आता यंदाचं ऐका. एप्रिलच्या वादळात आमच्या चर्चचे पत्रे उडाले. सगळे. त्यातले पाच दोधूच्या वांग्यांत पडले. ते त्याने स्वतः बैलगाडीत घालून परत आणून दिले, वांग्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. पत्रे असे पिळवटले होते की परत चढवण्यासारखा एकही नव्हता. मंडळीत ठरलं की नवं छप्पर होईपर्यंत रविवारची उपासना पंचायतीच्या सभागृहात करायची. मी गप्प बसलो. सगळ्यांना वाटलं, मास्तर होकार देतोय.

एक मेच्या ग्रामसभेत पाळकसाहेब उठले आणि दोधूचं नऊ वर्षांपूर्वीचं भाषण म्हणून दाखवलं. सभागृह लोकांचं, लोकांचा देव लोकांबरोबर येणारच. चपलांचा दाखलासुद्धा दिला. मग दोधू उठला आणि त्याने माझं भाषण केलं. सूचक, अनुमोदक, परका माणूस, काही म्हणता काही सोडलं नाही. त्याला चष्मा नाही, तर बोलण्याआधी त्याने शेजारच्याचा चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि काढून हातात धरला. नऊ वर्षांपूर्वी ज्यांनी मला शिव्या दिल्या होत्या ते आता टाळ्या वाजवत होते, आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते शिव्या देत होते. मला वाटत होतं, गावात दोन मतं आहेत. दोन जागा होत्या, आप्पा, आणि लोक फक्त उठून समोरच्या जागेवर बसले होते.

सरपंच रूपीबाई फार कमी बोलतात. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, ठराव तुमचा. तुमीच सांगा."

मी उभा राहिलो. पहिल्या रांगेत निर्मला महिला मंडळासोबत बसली होती आणि माझ्याकडे बघून 'हो म्हणा' अशी मान हलवत होती. मी म्हणालो, ठराव 'कोणत्याही धर्माचा' म्हणतो, आणि माझा धर्म 'कोणत्याही'मध्ये येतो. एवढंच बोललो, वीस सेकंदं झाली नसतील. दोधूने धावत येऊन मला मिठी मारली, कपाळाला गुलाल लावला, फोटो काढून घेतला. तो फोटो 'सत्यवचनी मास्तर' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय, पाळकसाहेबांच्या मोबाइलपर्यंत पोहोचलाय. पुढचाच विषय शाळेचं पटांगण आणि भोंगा सप्ताहाला देण्याचा निघाला. मी त्यालाही विरोध केला. मिठी सगळी मिळून अकरा मिनिटं टिकली.

आता मंडळी चर्चशेजारच्या आंब्याखाली बसते. परवाच्या रविवारी मी पोचलो तर सावली भरलेली होती, कुणी सरकलं नाही, म्हणून मी उन्हात बसलो. प्रवचन येशूला दगा देणाऱ्या यहूदावर होतं. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं नाही, पण तीनदा घाम पुसायला थांबले आणि तिन्ही वेळा माझ्याकडे बघितलं. तिकडे दोधूच्या दुकानात मला साखर मिळते, सुटे पैसे मिळत नाहीत. घरी निर्मला जेवणाआधी मोठ्याने प्रार्थना करते, की प्रभू, या घरातल्या एका कठीण मनाच्या माणसाला मऊ कर. भाकरी थंड होईपर्यंत करते.

हे सगळं मी सोसलं असतं. पण उन्हात बसल्या बसल्या एक विचार आला आणि तो जात नाही. नऊ वर्षांपूर्वी मी बोललो ते खरंच तत्त्व होतं, की दोधूला हरवायची हौस होती? आणि यंदा बोललो ती श्रद्धा होती, की मी वेगळा आहे हे दाखवायची खाज? गुडघे टेकून विचारलं. वरून काही उत्तर आलं नाही. (छप्पर नसल्यामुळे अडायला तर काही नव्हतं.) माणूस आयुष्यभर एका जागी उभा राहिला तर तो ठाम असतो की नुसता अडकलेला, हे तुम्हाला समजत असेल तर कळवा.

तुमचा,
स्टीफन गावित

ता. क. : मुख्य काम राहिलंच. आमच्या धाकट्या रिनाचं लग्न २३ मेला आहे. मुलाकडचे पाहुणे गुजरातेतल्या व्याऱ्याहून येणार, सगळे मिळून तीनशे माणूस, भर दुपार. आंब्याखाली साठ मावतात. गावात छप्पर असलेली मोठी जागा एकच आहे. तुम्ही जन्मभर सरकारी कागद लिहिलेत. एक अर्ज असा लिहून द्या की त्यात लग्न 'कौटुंबिक स्नेहमेळावा' होईल, गीत 'समूहगान' होईल, पाळकसाहेब 'प्रमुख पाहुणे' होतील आणि आशीर्वाद 'मार्गदर्शन' होईल. ठरावात 'धर्माचा कार्यक्रम' एवढंच आहे, व्याख्या दिलेली नाही. ती द्यायची मीच विसरलो होतो. आता ती देवाची योजना वाटते.

ता. क. २ : दोधूची हरकत नाही. तो स्वतः घरी येऊन तसं सांगून गेला. त्याला फक्त अर्जाची एक प्रत हवी आहे, श्रावणातल्या सप्ताहासाठी.

ता. क. ३ : वरचं सगळं परवा लिहिलं होतं. काल रिनाने आईला सांगितलं की ती बिनछपराच्या चर्चमध्येच लग्न करणार, ऊन असो की काही असो. पप्पा सगळ्यांसमोर एकटे उभे राहिले, तर मी तासभर उभी राहू शकते, असं म्हणाली. व्याऱ्याच्या लोकांनाही तिने पटवलं. मी दाराआड होतो, बाहेर आलो नाही. आज ती विसरवाडीला चालली आहे, तेव्हा हे पत्र पोस्टात टाकायला तिच्याच हाती देतोय. पाकीट दोनदा चिकटवलं आहे. तरी अर्ज लवकर पाठवा, आणि त्यावर अर्जदार म्हणून नाव निर्मलाचं घाला, माझं नको.