वाढवा म्हंजे काय

३ सप्टेंबर, बेंगळुरू

डोकं फिरलंय! दाबायचं नव्हतं तेच बटण मायनं दाबलं. पार्सलच्या नावानं खोटी लिंक आली होती. तिच्या फोनात मी 'राखण' टाकून दिलंय — खोट्या लिंका पकडणारं ॲप, फुकटचं, लोकांनीच मिळून बनवलेलं. त्यानं इशारा दिला. खाली दोन बटणं: 'बंद करा' आणि 'तरीही उघडा'. मायचं बोट दुसऱ्यावर! फोन चोरांच्या हातात. तिच्या नावानं आमच्या अख्ख्या पालम गावाला घाण मेसेज गेले. आता फोन बांगड्यांच्या पेटीत टाकलाय. बहिणीच्या, निकिताच्या फोनवरून बोलली. "मला नको ते. गिऱ्हाइकं तोंडावर हसायलेत."

मग दाबलंस कशाला?

"काय दाबलं मलाच उमगलं न्हाई रं. त्यात चष्मा वाढलाय."

वय झालं की नंबर वाढतोच, म्हणलं. फोनचं बोल!

५ सप्टेंबर

कळलं! 'बंद करा'नंच घात केला. मायच्या बांगड्यांच्या दुकानात कधी काही बंद होत न्हाई. संध्याकाळी दुकान वाढवतात. बांगडी फुटत न्हाई, वाढते. काचेचा गिलास पडला तरी वाढला म्हणती. आमी 'फुटला' म्हणलं की पाठीत धपाटा. असली बाई 'बंद करा' दाबंल का?

राखणमधले शब्द कुणीबी बदलायला पाठवू शकतं. 'नवीन माणसांसाठी सोपी कामं' अशी पाटीच हाय त्यांच्या पानावर. नववी नापासानं हात लावू नये, असं काही लिहिलेलं न्हाई.

६ सप्टेंबर

गोदामात जेवणाच्या सुट्टीत फोनवरूनच बदल पाठवला. 'बंद करा' काढलं, 'वाढवा' घातलं. एकच शब्द. तरी पाठवायच्या आधी चारदा वाचला.

७ सप्टेंबर

उत्तर न्हाई. झोपलेत सगळे!

९ सप्टेंबर

आलं उत्तर. तपासणारी कुणी प्रियदर्शनी, पुण्याची. "वाढवा म्हणजे जास्त करा. धोका वाढवायचाय का आपल्याला?" वर हसरं तोंड.

हसतीस काय! मी लिहिलं — तुमच्या घरी बांगडी फुटते का? मराठी काय तुमच्या एकटीची हाय?

खोलीवरचा बजरंग, पाथरीचा, म्हणला, "येड्या, पहिल्याच दिवशी भांडायलास? हाकलतील तुला."

हाकलू दे!

१२ सप्टेंबर

हाकललं न्हाई. प्रियदर्शनीनं लिहिलंय — "दिवा वाढवतात हे आमच्याकडेही म्हणतात. पण इशाऱ्याखाली असा शब्द? घाबरलेल्या माणसानं कोणता अर्थ घ्यायचा?"

बरोबर हाय तिचं. म्हणून तर लय राग आला. गपचूप 'मागं फिरा' पाठवलं. तिनं 'मागे' केलं. एक टिंब सोडत न्हाई बया!

१६ सप्टेंबर

घेतला! माझा शब्द राखणमध्ये लागला. बदल करणाऱ्यांत माझं नाव — वैजीनाथ. बजरंग भजी मागायलाय.

मायला म्हणलं, शब्द बदललाय मी, आता चुकायची न्हाईस. काढ फोन पेटीतून. म्हणली, "तू म्हणतोस तर काढते."

१७ सप्टेंबर

निकितानं राखणमधली नमुन्याची खोटी लिंक उघडून मायचा फोन तिच्या हातात दिला. मी निकिताच्या फोनवर होतो. वाच माय, म्हणलं, खाली काय लिहिलंय?

"काय वाचू रं? दुकानात खाली पडला, तवाच सांगितलं की तुला. चष्मा वाढलाय म्हणून."

आन मी म्हणलं होतं — वय झालं.