पांढऱ्या पट्ट्याची झाडं

प्रिय ठमे,

तिशी ओलांडलीस, उद्यानाच्या ऑफिसात खुर्ची मिळाली, तरी मला तू ठमीच. फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. माझी शाळा तिसरीपर्यंतची, अक्षर कोंबडी नाचल्यासारखं. लागेल तसं लावून घे.

आज सकाळी एकटीच उद्यानात फिरून आले. तुझे आजोबा आले नाहीत. पंधरा दिवस झाले, भिंतीकडे तोंड करून पडलेत. डॉक्टर म्हणतो, अंगात काही दुखणं नाही. ताट समोर ठेवलं की दोन घास चिवडतात आणि सरकवतात. आपलं डोकं कामातून गेलं, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलंय.

मागच्या फाटकानं शिरले. तळ्यात बदकं होती, दगडी पुलावर दोन म्हातारे ऊन खात बसले होते. सगळं जसंच्या तसं. मग वळण घेतलं. या बागेच्या जुन्या मालकीणबाईंच्या घोडागाडीला सावली हवी म्हणून दोनशे वर्षांपूर्वी लावलेली ती दुतर्फा झाडांची वाट. तू तिथेच चालायला शिकलीस. पडलीस की झाडालाच लाथ घालायचीस. शेहेचाळीस झाडं होती. आता पस्तीस खोडकी आहेत, ताटासारखी सपाट, अजून ओली. उरलीत ती अकरा, आतून पोखरलेली, आणि ती उभी आहेत ऐटीत. पाडणारे हुकमाचे ताबेदार. असलं ठणठणीत झाड का पाडायचं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. एका खोडक्यावर बसले. रडले बिडले नाही. रडून काय फांद्या फुटणार आहेत? बराच वेळ उठता आलं नाही, एवढंच.

तुला साहेबानं झापलं, कामावरून घरी बसवलं, ते कळलं. रागाच्या भरात तू आजोबांना फोनवर म्हणालीस, की किडकं झाड ओळखता येत नव्हतं तर खुणा करायचं काम अंगावर घेतलंत कशाला. चाळीस वर्षं त्या बागेचा मुख्य माळी होता तो माणूस. तेव्हापासून ते भिंतीकडे वळलेत.

ओळखली होती गं त्यांनी, एकूण एक. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कोयत्याच्या मुठीनं बुंध्यावर ठोकायचे, कान लावायचे आणि भरीव की पोकळ ते सांगायचे. ब्रश माझ्या हातात होता. आमच्या वेळी राखायच्या झाडाला चुन्याचा पट्टा आणि पाडायच्या झाडाला कुऱ्हाडीची खाच, अशी रीत. तू ऑफिसातून पाठवलेल्या कागदात उलटं होतं: पट्टा मारलेलं झाड पाडायचं. चौथ्या ओळीत आहे, आता बोट ठेवून ठेवून वाचलं. त्या दिवशी त्यांनी मला कागद वाचून दाखवायला सांगितलं. अक्षर मुंगीएवढं, दोन ओळींतच मी दमले. वाचता येत नाही म्हणायची लाज वाटली. म्हटलं, नेहमीचंच लिहिलंय, चला. आणि चांगल्या पस्तीस झाडांना मीच हातानं, नीट गोल, सुबक पट्टे मारले.

काल उशाशी बसून त्यांना हे सगळं सांगितलं. मान न वळवता म्हणाले, "पन्नास वर्षांत एक चूक कबूल केली नाहीस. आता माझ्यासाठी खोटं बोलू नकोस." भाजी खारट झाली तर मिठाला शिव्या घालणारी बाई मी, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून तुला लिहितेय. मला हवं ते बोल, ऐकून घेईन. पण ये, आणि तो कागद तुझ्या तोंडानं त्यांना वाचून दाखव. कालपासून पाणीही नको म्हणताहेत. कागद ऐकून उठून बसतील, अशी आशा मला नाही. पण पडून राहायचंच असेल, तर निदान आपलं डोकं शाबूत आहे हे कळून पडू देत.

तुझीच,
आजी