कपाच्या आतला उजेड

३ मार्च
चि. धाकट्यास,
आशीर्वाद मागाहून, आधी बोलणी खा.

काल इथल्या बाजारात एका दुकानात आपल्या भट्टीचे कप दिसले. दुकानदाराने कौतुकाने दिवा मालवून दाखवला, तर कप आतून हिरवे चमकत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते ग्लेझ, तो चमकणारा काचेचा लेप, मी आईच्या जिन्यासाठी केला होता. अंधारात तिचा पाय चुकतो, म्हणून पायऱ्यांच्या कडेला बसवायच्या फरश्यांसाठी. त्यात भंगारातल्या जुन्या टीव्हींची काच आहे आणि त्या काचेत शिसं आहे. खाण्यापिण्याच्या भांड्याला लावायचं नाही, हे तुला दहादा बजावलं होतं. डोकं काय भट्टीत ठेवून आलास? सगळे कप परत घे.

माया आहेच, पण आत्ता तिची आठवण करून देऊ नकोस.
ताई

७ मार्च
ती. ताईस,
नमस्कार. तुझा राग पोचला.

तू लग्न करून गेलीस, भट्टी मी सांभाळतो. आपल्या साध्या कपांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, आता लोक विचारत येतात. त्या ग्लेझसाठी अंधारात चमकणाऱ्या जुन्या पाट्या खरवडून पूड मी गोळा करायची आणि कौतुक तुझं, तेही मी चालवून घेतलं. भाजल्यावर काच पक्की होते, तिच्यातून काय बाहेर येणार? तिकडे बसून शहाणपण शिकवणं सोपं आहे.

लोभ ठेव, नाहीतर राहू दे.
धाकटा

११ मार्च
धाकट्या,
त्यातलाच एक कप विकत आणला, लिंबू पिळून रात्रभर ठेवला आणि सकाळी प्रयोगशाळेत दिला. त्यात शिसं उतरलंय, भरपूर. जास्त तापवलं तर चमक मरते, म्हणून आपण ते मंद भाजतो, आणि मंद भाजलेलं आंबटाने सुटतं. उद्या कुणाचं लेकरू त्यातून पिईल. आता वाद घालशील तर याद राख.
ताई

१६ मार्च
ती. ताईस,
नमस्कार करायला तोंड नाही.

दुकानं पालथी घातली, शिव्या खाल्ल्या, मिळाले ते कप फोडले. ज्यांनी विकत नेले त्यांच्यासाठी दुकानांबाहेर सूचना लावल्या. पण एक कप घरातच आहे. पहिलाच कप, तू पाठवलास असं सांगून, मी आईला दिला होता. रोज सकाळी ती त्यातूनच लिंबूपाणी घेते. रात्री दिवा मालवला की लेक उशाशी आहे असं वाटतं, म्हणते. मागितला तर छातीशी धरून बसली. पोट दुखतं म्हणत होती, मी ते वयावर ढकललं. मला हवं ते बोल, पण ये.
धाकटा

१९ मार्च
धाकट्या,
हे वाचताच आईला दवाखान्यात ने. शिशाचं सांग, रक्त तपासून घे. मी पाठोपाठ येतेच आहे, तुझ्या वाटणीचा राग बरोबर घेऊन. जिन्याच्या फरश्या कोपऱ्यात धूळ खात असतील, त्या पुसून ठेव, आल्यावर बसवू.

कप तिच्या हातातून हिसकावू नकोस. खालचं तिला वाचून दाखव.

आई, तो कप माझा आहे आणि मला परत हवाय. मी काही मागितलं आणि तू नाही म्हणालीस, असं कधी झालं नाही.